शॉवर जेल : गंध आणि रंग

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, "न्हाणीघरातल्या बाटलीवर तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय?" त्यांचा प्रश्न रास्त होता. परंतु त्याच स्नेह्यांच्या सूनबाई गेल्या वर्षापासून घरच्या घरी शॉवर जेल तयार करून ओळखीपाळखीत देऊ लागल्या आहेत. ह्या सभागृहातही असे करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या पाचपन्नास भगिनी असतील, असा माझा अंदाज आहे. बाजारात आता तयार बेस मिळतो. पाच किंवा दहा किलोचा पांढरा कॅन आणायचा, त्यात आवडीचे सुगंधी तेल घालायचे, थोडा रंग घालायचा, बाटल्या भरायच्या. न भट्टी, न कॉस्टिक, न धूर. वरवर पाहता हे काम सरबतात रोझ सिरप घालण्याइतके सोपे दिसते.

ते तसे नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. तयार बेस म्हणजे कच्चा माल नव्हे. ती एक बांधून पुरी झालेली रचना आहे, आणि आपण वरून घातलेला प्रत्येक थेंब त्या रचनेचा एखादा खांब हलवतो. कोणता खांब हलतो हे समजले, तर हा उद्योग सुखाने करता येतो. समजले नाही, तर कधी पैसा वाया जातो आणि कधी दुसऱ्याची कातडी.

माझी स्वतःची फजिती आधी सांगतो. पहिल्या खेपेस मी पाच किलो बेस आणला. मधासारखा दाट, काचेसारखा स्वच्छ. त्यात मोठ्या हौसेने संत्र्याचे तेल घातले, तेही अंदाजपंचे. ढवळता ढवळता जेल पातळ होऊ लागले. कोणीतरी सांगितले होते की मीठ घातले की दाट होते. म्हणून मीठ घातले. थोडे दाटले. आणखी घातले, आणि मग जे काही पातळ झाले ते ताकासारखे. आणखी मीठ घालावे तो आणखी पातळ! शेवटी त्या पाच किलोंनी आम्ही चार महिने फरशी पुसली. घर संत्र्यासारखे दरवळत असे, एवढाच काय तो लाभ.

हे असे का झाले, ते समजण्यासाठी बेसच्या आत डोकवावे लागते. त्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाणीच असते. उरलेल्यात मुख्य असतात ती फेस आणणारी आणि मळ सोडवणारी द्रव्ये. सोडियम लॉरेथ सल्फेट हे त्यांतले नित्याचे नाव. त्याच्या जोडीला खोबरेल तेलापासून केलेले, त्याचा तिखटपणा कमी करणारे कोकॅमिडोप्रोपिल बीटेन. शिवाय थोडे मीठ, सामू म्हणजे ज्याला पीएच म्हणतात तो जागेवर ठेवण्यापुरते लिंबूसत्त्व, आणि कुजू नये म्हणून परिरक्षक.

फेसद्रव्याच्या रेणूला एक डोके असते आणि एक शेपूट. डोक्याला पाणी आवडते, शेपटीला तेल. पाण्यात असे असंख्य रेणू सोडले की ते एकटे राहत नाहीत. शेपट्या आत आणि डोकी बाहेर, असे पुंजके करून बसतात. ह्या पुंजक्यांना मायसेल म्हणतात. साबणाच्या पाण्यात असे पुंजके असले पाहिजेत, हा विचार १९१३ च्या सुमारास मांडला तो ब्रिस्टल येथील जेम्स विल्यम मॅक्बेन ह्या रसायनशास्त्रज्ञाने. साबणाच्या द्रावणातून वीज अपेक्षेहून चांगली वाहते, आणि तरीही त्यात सुटे कण मोजावेत तर कमी भरतात, ह्या विसंगतीवरून त्याने हा तर्क केला. आपल्याला ह्या गृहस्थाचे नाव परके वाटू नये. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे दार १९५० च्या जानेवारीत उघडले, तेव्हा तिचे पहिले संचालक हेच मॅक्बेन होते. साबणाच्या पाण्यावर आयुष्य वेचलेला माणूस उतारवयात पुण्यास आला, आणि त्याच पुण्यात आज घराघरांतून त्याचे मायसेल ढवळले जात आहेत. अशी ही योगायोगाची मौज आहे.

असो. हे पुंजके आरंभी गोल असतात. साबुदाण्याचे दाणे जसे एकमेकांवरून सहज घसरतात तसे गोल पुंजके घसरतात, आणि द्रव पातळ राहतो. मीठ घातले की डोक्याडोक्यांतली विजेची दूरदूर कमी होते. मग ती दाटीवाटीने बसू शकतात, आणि गोल पुंजके लांबत लांबत शेवयांसारखे होतात. शेवया एकमेकींत गुंतल्या की वाटी उपडी केली तरी चटकन पडत नाहीत. तीच गत जेलची. परंतु मीठ ह्याहून वाढले की शेवयांना फांद्या फुटून त्यांचे जाळे होते. जाळ्यातले सांधे घसरू लागतात, आणि द्रव पुन्हा पातळ होतो. म्हणजे मिठाचा मार्ग घाटासारखा आहे. माथ्यापर्यंत चढ, नंतर उतार. कारखान्यातून येणारा बेस बहुधा माथ्याच्या जवळपासच आणून ठेवलेला असतो. मी माथा ओलांडून उताराला लागलो होतो, आणि गाडी आणखी जोरात पुढे ढकलत होतो.

पण पहिला घोटाळा मिठाने केला नव्हता. तो तेलाने केला. सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही. ते जाऊन बसते कोठे? त्या शेवयांच्या आत, शेपट्यांच्या तेलकट गर्दीत. कोणतेही सुगंधी तेल हे अनेक द्रव्यांचे मिश्रण असते. काही द्रव्ये थेट गाभ्यात शिरून शेवयांचे तुकडे करतात, त्यांचे पुन्हा गोळे बनवतात. काही द्रव्ये कडेला डोक्यांजवळ बसून त्यांना उलट लांब करतात. संत्र्याच्या तेलात दहांतले नऊ भाग लिमोनीन असते, आणि ते गाभ्यात शिरणाऱ्यांपैकी आहे. म्हणून एकाच बेसमध्ये एक सुगंध घातला तर जेल पातळ होते आणि दुसरा घातला तर खीर आळल्यासारखे आळते. विक्रेत्याने फसवले असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

ह्यावरून कामाची रीत आपोआप ठरते. सगळा कॅन कधीही एकदम हाती घेऊ नये. शंभर ग्रॅम बेस एका पेल्यात घ्यावा आणि त्यावर प्रयोग करावा. बिघडला तर शंभर ग्रॅमच बिघडला. सर्व काही वजनाने घ्यावे, थेंबांनी नव्हे. कारण तेल दाट असेल तर थेंब मोठा पडतो, पातळ असेल तर लहान, आणि ड्रॉपर बदलला की सगळा हिशेबच बदलतो. सोनारकामात चालते तशी, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारी लहान तराजू आता फार महाग नाही. सुगंधाचे प्रमाण अर्ध्या टक्क्यापासून एक टक्क्यापर्यंत बहुधा पुरते. म्हणजे किलोला पाच ते दहा ग्रॅम. पुष्कळांना हे फारच कमी वाटते. त्यांनी एवढेच करावे की बाटलीला नाक लावून परीक्षा न करता त्या जेलने एकदा खरोखर स्नान करावे.

कारण बाटलीत सुगंध शेवयांच्या आत कोंडलेला असतो. अंगावर ऊन पाणी पडले, जेल शेकडो पटींनी विरळ झाले, की पुंजके मोडतात. कोंडलेला गंध एकदम सुटतो, आणि वाफेबरोबर न्हाणीभर पसरतो. बाटलीत मंद वाटणारे जेल न्हाणीत भरघोस वाटते ते ह्यामुळे. उलट बाटलीतच घमघमणारे जेल न्हाणीत डोके धरायला लावते. लिंबू-संत्र्यासारखे हलके गंध आधी उडतात. वाळा किंवा चंदन ह्यांसारखे जड गंध अंग पुसल्यावरही किंचित मागे राहतात. अत्तर निवडताना दोन्हींचा मेळ घालावा हे खरे, परंतु जी वस्तू मिनिटाभरात धुऊन जाणार तिच्यात महागड्या जड अत्तराचा फार खर्च करणे मला व्यवहाराला धरून वाटत नाही.

तेल थेट मोठ्या भांड्यात ओतू नये. थोड्याशा बेसमध्ये ते आधी नीट खलून घ्यावे, आणि मग ते मिश्रण उरलेल्यात मिसळावे. रवीने घुसळू नये. फेस होतो, हवेचे बुडबुडे अडकतात आणि ते दिवसेंदिवस निघत नाहीत. चपट्या कालथ्याने सावकाश फिरवावे आणि रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी जेल गढूळ दिसले, तर शेवयांच्या पोटात मावेल त्याहून अधिक तेल आपण घातले आहे असे समजावे. मीठ घालायचेच झाले, तर पाण्यात विरघळवून, शंभर ग्रॅमला ग्रॅमच्या पाचव्या भागाएवढ्या मिठाच्या बेताने, आणि प्रत्येक वेळी थांबून. मीठ घातल्यावर पातळ झाले की तत्क्षणी हात आखडावा. मग आणखी बेस मिसळून मीठ विरळ करणे एवढाच उपाय उरतो.

इथवर जे सांगितले त्यात नुकसान झाले तरी ते पैशाचे होते. आता कातडीविषयी.

आपल्याकडे एक समज दृढ झाला आहे की जे झाडापासून निघाले ते निरुपद्रवी, आणि जे कारखान्यात झाले ते विषारी. त्वचेला हा भेद कळत नाही. लवंगेच्या तेलात बहुतांश युजेनॉल असते, गवती चहाच्या तेलात सिट्राल, दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड. ही तिन्ही द्रव्ये काही माणसांच्या त्वचेला वावडी ठरतात, मग ती झाडातून येवोत की नळीतून. लिमोनीन आणि लॅव्हेंडरमधले लिनालूल ही ताजी असताना बरीच सौम्य असतात, पण हवा लागून जुनी झाली की त्यांच्यापासून जी नवी द्रव्ये तयार होतात ती चांगलीच त्रासदायक असतात. म्हणून अर्धी रिकामी, वर्षभर उघडझाक झालेली तेलाची बाटली 'संपवून टाकू' म्हणून जेलमध्ये ओतणे ही काटकसर नव्हे.

वावड्याची रीत अशी की ते पहिल्या दिवशी दिसत नाही. शरीर आधी त्या द्रव्याची ओळख करून घेते. त्याला दिवस लागतात, कधी महिने लागतात. मग एके दिवशी खाज सुटते, पुरळ उठतो, आणि एकदा हे वावडे जडले की ते बहुधा जन्माचे सोबती होते. पुढे तेच द्रव्य दुसऱ्या साबणात, पावडरीत, केसांच्या तेलात भेटले तरी अंग पेटते. म्हणून कोपराच्या आत थेंब लावून 'मला काही झाले नाही' असे म्हणणे पुरेसे नाही. युरोपात २००३ साली अशा २६ सुगंधी द्रव्यांची नावे बाटलीवर छापणे आवश्यक करण्यात आले, आणि २०२३ मध्ये ही यादी ऐंशीच्या वर नेण्यात आली. धुऊन टाकण्याच्या वस्तूत त्यांतले एखादे द्रव्य शंभरात ०.०१ भागाहून, म्हणजे किलोला ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहून अधिक असेल तर ते लिहावेच लागते. आपण किलोला दहा ग्रॅम गवती चहाचे तेल घातले, तर त्यात सिट्रालच सात ग्रॅमच्या आसपास जाते. तुलना आपणच करावी. सुगंध विकत घेताना विक्रेत्याकडे आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेचे, म्हणजे इफ्राचे, प्रमाणपत्रक मागावे. शॉवर जेलसारख्या धुऊन टाकण्याच्या वस्तूत ते तेल जास्तीत जास्त किती चालेल ते त्यात दिलेले असते. पत्रक नाही म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावे. पुदिन्याचे तेल थंडावा देते खरे, पण नाजूक जागी ते झोंबते, आणि लहान मुलांच्या जेलमध्ये तर ते नकोच.

'अस्सल' आणि 'नैसर्गिक' ह्या शब्दांवरून आठवले, म्हणून थोडे विषयांतर करतो. आपल्या खानदेशात रोशा नावाचे गवत होते, त्याचे तेल काढीत. ह्या तेलात गुलाबात असते तेच जिरॅनिऑल भरपूर असते. मुंबई बंदरातून ते तुर्कस्तानाकडे जाई, आणि तेथून बल्गेरियातल्या गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून मिसळले जाई. युरोपातल्या सरदारपत्नी 'अस्सल गुलाब' म्हणून जे लावीत, त्यातला काही भाग आमच्या खानदेशी गवताचा होता! तेव्हा 'अस्सल' ह्या अक्षरांवर विसंबण्यापेक्षा कागदावरचे पृथक्करण पाहिलेले बरे.

आता रंग. आधुनिक रंग आणि आधुनिक सुगंध ही जवळजवळ एकाच घरची भावंडे आहेत. विल्यम पर्किन ह्या इंग्रज मुलाने १८५६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग केला, आणि त्याच पर्किनने १८६८ मध्ये कुमारिन हे ताज्या कापलेल्या गवताच्या वासाचे द्रव्य प्रयोगशाळेत बनवले. एकाच माणसाने डोळ्यांची आणि नाकाची, दोन्ही दुकाने उघडली.

जेलमधल्या रंगाचा उपयोग स्वच्छतेला काडीमात्र नाही. फेस पाहा, जेल हिरवे असो की लाल, फेस पांढराच होतो. असंख्य पातळ पडद्यांवरून उजेड इतक्या दिशांना विखुरतो की त्यातला रंगाचा अंश नजरेस पडत नाही. तरीही रंग वगळता येत नाही, कारण नाक डोळ्यांचे ऐकते. बोर्दो येथे मद्यपरीक्षा शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या मद्यात वासहीन लाल रंग घालून दिला, तेव्हा त्यांनी त्याच्या वासाचे वर्णन लाल मद्याला लावायच्या शब्दांत केले. हा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा गुलाबाचा गंध हिरव्या जेलमध्ये घातला, तर गिऱ्हाइकाला तो गुलाब वाटेलच असे नाही.

रंग लागतो किती? कल्पनेहून कमी. ग्रॅमभर रंगाची पूड ९९ ग्रॅम शुद्ध, ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावी, आणि हे द्रावण किलोभर जेलला पाच ग्रॅमच्या बेताने घालावे. म्हणजे प्रत्यक्ष रंग गेला ग्रॅमच्या विसाव्या हिश्शाएवढा. ह्याहून गडद केले तर पंचा रंगतो आणि मोरीच्या फरशीवर डाग राहतात. द्रावण थोडेच करावे, त्याच दिवशी वापरावे. कपड्याचा रंग, रंगपंचमीचा रंग, रांगोळीचा रंग, ह्यांपैकी काहीही चालणार नाही. सौंदर्यप्रसाधनांत कोणते रंग चालतात ह्याची यादी भारतीय मानक ४७०७ च्या पहिल्या भागात दिलेली आहे, आणि विकणाऱ्याला ती बंधनकारक आहे. चकाकीसाठी अभ्रकाची पूड घालण्याची हौस पुष्कळांना असते. ती विरघळत नाही. साध्या बेसमध्ये चारआठ दिवसांत तळाला जाऊन बसते. कण तरंगत ठेवील असा खास बेस वेगळा मिळतो, तो घ्यावा.

मग घरचे रंग का नकोत? हळद आहे, बीट आहे, जास्वंद आहे. ह्याचे उत्तर प्रत्येक गृहिणीने कपडे धुताना पाहिलेले आहे. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. साबण अल्कधर्मी, त्याचा सामू नऊ-दहाच्या घरात. आणि हळदीचा रंग सामू पाहून कपडे बदलतो. शॉवर जेलचा सामू बहुधा पाच-सहाच्या आसपास, म्हणून त्यात ती पिवळी राहते, पण खिडकीतल्या उन्हात पंधरवड्यात विटते. बीट तपकिरी पडते. जास्वंदीचा रंग सामूप्रमाणे लाल, जांभळा, निळसर असा फिरत राहतो आणि शेवटी फिका पडतो. ह्याच कारणाने वडीच्या साबणासाठी घेतलेला रंग जेलमध्ये तसाच दिसेल असे धरून चालू नये. आणखी एक. व्हॅनिलाचा गंध घातलेले जेल काही आठवड्यांत आपोआप तांबूस होत जाते. तो रंगाचा दोष नसून व्हॅनिलिनचा स्वभाव आहे. अशा जेलला निळा किंवा गुलाबी रंग देण्याच्या भानगडीत न पडता मुळातच बदामी ठेवावे.

जाता जाता पाण्याविषयी बोललेच पाहिजे, कारण सर्वांत मोठी चूक इथे होते. बेस पुरवठ्याला यावा म्हणून पाणी, 'गुण यावा' म्हणून गुलाबपाणी, कोरफडीचा ताजा गर, कोणी तर दूध आणि मध. बेसमधला परिरक्षक त्या बेसपुरता मोजून घातलेला असतो. आपण पाव हिस्सा पाणी वाढवले की तो विरळ झाला. गर किंवा दूध घातले म्हणजे तर जंतूंना पंगतच वाढली. शिवाय सोडियम बेंझोएटसारखे परिरक्षक आम्ल बाजूलाच काम करतात. सामू सहाच्या वर सरकला की ते बाटलीत असून नसल्यासारखे. साबणाच्या पाण्यात जंतू कसे जगतील, असे आपल्याला वाटते. पण स्यूडोमोनास जातीचे जंतू अशा द्रवात खुशाल वाढतात. जेल वरून स्वच्छ आणि सुवासिक असते, आणि ते कोणाच्या तरी खरचटलेल्या कातडीवर किंवा तान्ह्या मुलाच्या डोळ्यात जाते. म्हणून ताजे पदार्थ वापरायचे असतील तर ते उटण्यासारखे, त्याच वेळी कालवून त्याच वेळी लावावेत. बाटलीत भरू नयेत.

आता शंभर ग्रॅमचा प्रयोग जमला असे समजा. लगेच कॅन उघडू नये. त्याच मिश्रणाच्या तीन लहान काचेच्या बरण्या भराव्यात. एक खिडकीत उन्हाला, एक शीतकपाटात, आणि एक स्वयंपाकघरातल्या उबदार कोपऱ्यात. चौथी, नुसत्या बेसची, तुलनेसाठी अंधाऱ्या कपाटात. दर आठवड्याला चारी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात: रंग विटला का, थंडीत गढूळ होऊन पुन्हा निवळले का, उबेत थर फुटला का, वास आंबूस झाला का, तिरपी केल्यावर पूर्वीइतक्याच सावकाश वाहते का. सहा आठवडे थांबावे. कारखान्यातले लोक ह्यासाठी चाळीस-पंचेचाळीस अंशांची पेटी वापरतात. आपल्याकडे विदर्भातल्या मे महिन्यात ती सोय निसर्गच करून देतो.

घरच्या माणसांपुरते करणाऱ्याला एवढे पुरे आहे. विकणाऱ्याची गोष्ट वेगळी. शॉवर जेल हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे, आणि २०२० च्या नियमांप्रमाणे ते बनवून विकण्यास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. बेस दुसऱ्याचा आहे, आम्ही फक्त वास घातला, ही सबब तेथे चालत नाही. बाटलीवर करणाऱ्याचे नाव व पत्ता, परवान्याचा क्रमांक, खेपेचा क्रमांक, किती दिवसांत वापरावे ती तारीख, वजन आणि आतल्या द्रव्यांची यादी छापावी लागते. खेपेचा क्रमांक हा निव्वळ सरकारी सोपस्कार आहे असे मलाही पूर्वी वाटे. पण एखाद्या बाईंनी येऊन 'तुमच्या जेलने हातावर पुरळ उठला' असे सांगितले, तर त्या खेपेत कोणते तेल, कोणत्या बाटलीतून, किती ग्रॅम गेले होते हे वहीत पाहून डॉक्टरांना सांगता आले पाहिजे. त्यासाठी वही आधी लिहिलेली असावी लागते, आणि ती ढवळताना, हात ओले असतानाच लिहावी. रात्री आठवून लिहिलेले आकडे पाच ग्रॅमने तरी चुकतात.